पंखा डायरेक्ट आहे

खोपोली मागे टाकून आम्ही एक्स्प्रेसवेच्या घाटात शिरलो आणि दहा मिनिटांत सगळ्या गाड्या थांबल्या. शनिवार सकाळ. पुढे कुठेतरी कंटेनर बंद पडला होता. मी पनवेलहून निघाले होते, शेजारी बाबा, मागच्या सीटवर आत्यासाठी घेतलेली आंब्यांची पेटी. गाडी माझी पहिलीच. सेकंडहँड, तेरा वर्षं जुनी, चंदेरी रंगाची हॅचबॅक. मी ती माझ्या पगारातून घेतली, म्हणून तिच्यावर माझा जरा जास्तच जीव.

गाडी थांबल्यावर पाच मिनिटांनी तापमानाचा काटा हलायला लागला. पनवेल ते खोपोली तो अगदी मधोमध, शहाण्या मुलासारखा बसला होता. आता तो वर चालला होता. मी गाडीच्या पोर्टला कायम एक ब्लूटूथ स्कॅनर लावून ठेवते (इंजिनीअर असल्याची हौस), त्याचं अॅप उघडलं. १०१. मग १०४. मग १०८.

"रेस कर," बाबा म्हणाले.

"काय?"

"न्यूट्रल टाक आणि रेस कर. अॅक्सिलरेटर दाब. पंखा जोरात फिरेल, काटा खाली येईल."

मी केलं. काटा खाली आला नाही. अॅपवर ११२ दिसलं. बाबांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी आधी कधी पाहिलं नव्हतं. ते घाबरले नव्हते. ज्या माणसाने याच डोंगरात आयुष्याची चांगली अकरा वर्षं गाडी चालवली, त्याने सांगितलेला उपाय चालला नाही, याचं ते आश्चर्य होतं.

हा लेख त्या आश्चर्याबद्दल आहे. बाबांचं उत्तर चुकीचं नव्हतं. ते दुसऱ्या गाडीचं उत्तर होतं.

घाट आणि पाणी

आमचं पनवेल हे गाव मुळात मुंबई-पुणे प्रवासाच्या सांध्यावर बसलेलं आहे. रेल्वे यायच्या आधी मुंबईचा माणूस होडीने खाडीतून पनवेलच्या बंदरात उतरायचा आणि इथून पुढे घोडा, पालखी किंवा पायी घाट चढून पुण्याला जायचा. बोरघाटात चाकाची गाडी नीट चढू शकेल असा रस्ता १८३० मध्ये झाला. तेव्हाचा मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम याने तो सुरू केला. त्याआधी मालाची मुख्य भिस्त बैलांच्या पाठीवर होती. १८६३ मध्ये रेल्वे याच घाटातून वर गेली, तीही एका दमात नाही. मध्ये एक रिव्हर्सिंग स्टेशन होतं, तिथे गाडी थांबायची, इंजिन उलट्या टोकाला लागायचं आणि मग पुढचा चढ. १९२९ पर्यंत ते चाललं.

म्हणजे बोरघाट हा कायमच यंत्रांची परीक्षा घेणारा घाट आहे. बैल असो, वाफेचं इंजिन असो की मोटार, खोपोली ते खंडाळा हा सुमारे पाचशे मीटरचा चढ प्रत्येकाला दमवतो.

हे दमणं मोजता येतं. अकराशे किलोची गाडी पाचशे मीटर वर उचलायला साधारण साडेपाच मेगाज्यूल ऊर्जा लागते. पेट्रोल इंजिन हे फार उधळं यंत्र आहे. जाळलेल्या पेट्रोलपैकी ढोबळमानाने पाव भाग चाकांपर्यंत पोचतो. एक तृतीयांशाच्या आसपास धुरातून जातो आणि जवळपास तेवढाच इंजिनाच्या धातूत आणि तिथून पाण्यात उतरतो. हिशोब केला तर फक्त चढण्यापायी सात मेगाज्यूल उष्णता थंड करणाऱ्या पाण्यात जाते. एवढ्या उष्णतेत वीस लिटरपेक्षा जास्त थंड पाणी उकळीला येईल. आणि छोट्या गाडीच्या रेडिएटरमध्ये आणि इंजिनात मिळून पाणी असतं चार-पाच लिटर.

ही उष्णता हवेत टाकत राहणं एवढंच रेडिएटरचं काम. गाडी ऐंशीच्या वेगाने चालली असेल तर समोरून येणारी हवा ते फुकट करते. गाडी थांबली किंवा चढावर पहिल्या गिअरमध्ये रांगत असली की हवा येत नाही. मग पंखा लागतो. जुन्या गाडीच्या रोगनिदानाचा पहिला नियम इथून निघतो: वेगात धावताना तापते ती गाडी पाण्याची, पंपाची, थर्मोस्टॅटची किंवा बुजलेल्या रेडिएटरची तक्रार करते, आणि थांबल्यावर तापते ती पंख्याची. माझी गाडी थांबल्यावर तापली होती.

बर्था बेन्झची बादली

मोटार तापण्याचा इतिहास मोटारीइतकाच जुना आहे. १८८६ मध्ये कार्ल बेन्झने पेटंट घेतलेल्या तीनचाकी गाडीला आजच्यासारखा रेडिएटर नव्हता. इंजिनाभोवतीचं पाणी उकळायचं, वाफ होऊन उडून जायचं आणि उष्णता सोबत न्यायचं. म्हणजे पाणी सतत ओतत राहायचं. ऑगस्ट १८८८ मध्ये कार्लची बायको बर्था नवऱ्याला न सांगता दोन मुलांना घेऊन त्या गाडीने मानहाइमहून फोर्त्सहाइमला, शंभरएक किलोमीटर, माहेरी गेली. जगातला हा पहिला लांब पल्ल्याचा मोटारप्रवास समजला जातो. वाटेत मिळेल तिथून ती पाणी भरत गेली आणि चढावर मुलांनी गाडी ढकलली. घाटात बोनेट उघडून हातात बाटली घेऊन उभा असलेला प्रत्येक माणूस बर्थाचा वारसदार आहे.

पाणी उडवून देण्याऐवजी तेच पाणी थंड करून परत वापरायचं, ही कल्पना नीट जमवली विल्हेल्म मायबाखने. १९०० च्या शेवटी तयार झालेल्या पहिल्या मर्सिडिझ गाडीला त्याने मधाच्या पोळ्यासारखा रेडिएटर बसवला. त्यात सहा मिलिमीटरच्या चौकोनी, ८,०७० छोट्या नळ्या होत्या. नळ्यांमधून हवा, भोवती पाणी. पाण्याचं प्रमाण निम्म्यावर, नऊ लिटरवर आलं. आणि गाडी हळू चालत असताना हवा खेचायला मागे एक पंखा.

तो पंखा इंजिनावरच फिरायचा आणि पुढची सत्तरएक वर्षं जगभर हीच पद्धत राहिली. इंजिनाच्या पुढच्या टोकाला पुली, पुलीवर पट्टा, पट्ट्यावर पाण्याचा पंप आणि पंख्याची पाती. साधं, स्वस्त, कधी न विसरणारं. इंजिन चालू म्हणजे पंखा चालू. त्यात एकच खोट होती. पंख्याची गरज सगळ्यात जास्त असते ती गाडी थांबलेली असताना, आणि तेव्हा इंजिन सगळ्यात हळू फिरत असतं. म्हणजे पंखाही सगळ्यात हळू.

आता बाबांचं "रेस कर" कळलं? पट्ट्याच्या पंख्याच्या गाडीत ते शंभर टक्के बरोबर आहे. इंजिन पळवलं की पंखा पळतो, पंपही पळतो. माझ्या गाडीत पंखा विजेचा. इंजिन पळवून त्याला काहीच कळत नाही, फक्त उष्णता वाढते.

कुर्ल्याची गाडी

बाबांची गाडी होती प्रीमियर पद्मिनी. ती आपल्या रस्त्यांवर आली कशी, याची गोष्ट सोलापूरला जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांच्यापाशी सुरू होते. जहाजं, विमानं, साखर यानंतर त्यांना हिंदुस्थानात मोटार बनवायची होती. १९४४ मध्ये त्यांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली आणि कुर्ल्याच्या कारखान्यात आधी अमेरिकन गाड्यांची जुळणी झाली. मग इटलीच्या फियाटशी करार झाला. त्या वेळी मुंबईत दुसरेही खेळाडू होते. जनरल मोटर्सने १९२८ पासून शिवडीला गाड्या जुळवल्या होत्या. पण सरकारचं धोरण असं ठरलं की नुसती जुळणी नको, इथे बनवायचं असेल तर थांबा. १९५४ मध्ये जनरल मोटर्स गेली. उरल्या मोजक्या देशी कंपन्या, मोजकी परवानगी आणि वर्षानुवर्षांची वेटिंग लिस्ट.

फियाटची ११०० ही त्या काळात कुर्ल्याला आली. १,०८९ सीसीचं इंजिन, पुढे उभं बसवलेलं, ताकद मागच्या चाकांना. १९६४ पासून तिचं जे रूप इथे बनलं तेच, थोडे फेरफार आणि दोनदा नाव बदलून, 'प्रेसिडेंट' आणि मग 'पद्मिनी' म्हणून चालत राहिलं. इटलीत फियाटने केव्हाच पुढच्या गाड्या काढल्या. कुर्ल्यात तीच गाडी विसावं शतक संपेपर्यंत बनत होती.

या गोष्टीची आपण चेष्टा करतो. मीही करायचे. लायसन्स राज, मागासलेलं तंत्रज्ञान वगैरे. पण याची एक बाजू मला त्या घाटात कळली. जी गाडी तीस-पस्तीस वर्षं बदलत नाही, तिच्याभोवती ज्ञान साचत जातं. वीस वर्षांच्या पोराने गॅरेजमध्ये जे शिकलं ते पन्नाशीतही उपयोगी पडायचं. मी सहा वर्षांपूर्वी नोकरीला लागले तेव्हा शिकलेलं एक फ्रेमवर्क आज कुणी विचारत नाही. बाबांचं फ्रेमवर्क पिढीभर टिकलं.

बाबा आधी मुंबईत मीटरवर आणि मग दादर-पुणे लाइनवर टॅक्सी चालवायचे. पाच माणसं, टपावर सामान आणि जुना घाट. एक्स्प्रेसवे पूर्ण झाला २००२ मध्ये. त्याआधी सगळी वाहतूक, ट्रक, एसटी, टॅक्सी, त्या एकाच वळणावळणाच्या रस्त्यावर. बाबांना प्रत्येक वळणावरचा झरा माहीत होता. कुठे थांबायचं, किती वेळ थांबायचं, कुठलं पाणी चांगलं. गाडीत कायम तीन गोष्टी: पाण्याचा कॅन, जास्तीचा फॅनबेल्ट आणि जाड फडकं. पट्टा तुटला की डॅशबोर्डवर चार्जिंगचा लाल दिवा लागायचा, कारण तोच पट्टा बॅटरीही भरायचा. दिवा लागला की काटा चढायची वाट न बघता बाजूला घ्यायचं. म्हणजे त्या साध्या यंत्रात धोक्याची सूचना आपोआप मिळायची, सेन्सर न लावता.

आणि जाड फडकं झाकणासाठी. बाबांच्या उजव्या हातावर कोपरापासून मनगटापर्यंत एक फिकट डाग आहे. लहानपणी मला वाटायचं तो जन्मखूण आहे. रेडिएटरचं झाकण दाब धरून ठेवतं. दाबाखाली पाणी शंभरला उकळत नाही, वातावरणाच्या दुप्पट दाबाला थेट १२० अंशांपर्यंत पाणीच राहतं. तापलेल्या गाडीचं झाकण उघडलं की दाब जातो आणि त्याच क्षणी ते पाणी उकळून कारंज्यासारखं बाहेर येतं. त्या दिवशी ११२ आकडा बघून मी बोनेटची कळ खेचली तेव्हा बाबांनी माझा हात धरला. "झाकणाला हात नाही लावायचा. अर्धा तास." हे ज्ञान दोन्ही गाड्यांना लागू होतं.

जॅकोसाच्या दोन गाड्या

मग पट्ट्याचा पंखा गेला कुठे?

फियाटमध्ये दान्ते जॅकोसा नावाचा इंजिनीअर होता. ११०० ही त्याच्याच हाताखाली घडली. याच माणसाने १९६९ मध्ये फियाट १२८ आणली. तिच्यात इंजिन आडवं बसवलं होतं आणि ताकद पुढच्या चाकांना होती. इंजिन आडवं केलं की बोनेट आखूड होतं आणि माणसांना जागा मिळते. ब्रिटनच्या मिनीने हे १९५९ मध्ये केलंच होतं. पण इंजिन आडवं झालं की त्याची पुली पुढे न बघता बाजूला बघते. मिनीने म्हणून रेडिएटरही बाजूला, चाकाच्या कोपऱ्यात नेला. जॅकोसाने रेडिएटर समोर, वाऱ्याला तोंड करून ठेवला आणि त्यावर विजेचा पंखा लावला. पाणी तापलं की स्विच लागतो, पंखा फिरतो. थंड झालं की बंद.

पुढे छोट्या गाड्यांचा जवळपास सगळा बाजार याच मांडणीवर गेला. आपल्याकडे ती घरोघर पोचली मारुती ८०० मधून. १४ डिसेंबर १९८३ ला दिल्लीत इंदिरा गांधींच्या हस्ते पहिल्या गाडीची किल्ली दिली गेली. आडवं बसवलेलं तीन सिलिंडरचं ७९६ सीसी इंजिन, पुढच्या चाकांना ताकद, विजेचा पंखा.

गंमत बघा. एकाच माणसाची जुनी गाडी कुर्ल्यात बनत होती, आणि त्यानेच रुळवलेल्या नव्या मांडणीची जपानी गाडी गुडगावात. पुढची पंधरा-सतरा वर्षं दोन्ही नव्याकोऱ्या, एकाच रस्त्यावर. पद्मिनीच्या बाजूला मेकॅनिक होते, ज्यांना पट्टा, पंप, पाती हाताने कळायची. मारुतीने एक दुसरा माणूस महत्त्वाचा केला: वायरमन. आता गाडी तापली तर कारण फ्यूजमध्ये असू शकतं, रिलेमध्ये, थर्मोस्विचमध्ये किंवा एखाद्या गंजलेल्या अर्थिंगमध्ये. तुटलेला पट्टा डोळ्यांना दिसतो. न वाहणारी वीज दिसत नाही.

आणि जे दिसत नाही त्यावर आपल्या गॅरेजांनी एक उपाय शोधला. त्याचं नाव 'डायरेक्ट'.

डीबगिंग

त्या दिवशी आम्ही अर्धा तास थांबलो. बाटलीतलं पाणी एक्स्पान्शन टाकीत घातलं, हीटर फुल केला आणि चारही काचा उघड्या टाकून वर गेलो. हीटर म्हणजे डॅशबोर्डमागचा छोटा रेडिएटरच, त्याचा पंखा वेगळा असतो आणि तो इंजिनाची उष्णता केबिनमध्ये ओढतो. मे महिन्यात खंडाळा घाटात हीटर लावून बसलेले आम्ही दोघं. बाबा म्हणाले, "पद्मिनीत हीटरच नव्हता. बरं होतं."

पुण्याहून संध्याकाळी उशिरा, ट्रॅफिक सरल्यावर, उताराने परत आलो. काटा हलला नाही. रविवारी सकाळी न्यू पनवेलमध्ये सोसायटीच्या पार्किंगमध्ये बोनेट उघडलं.

पंख्याच्या बिघाडात शोधायच्या जागा मोजक्याच असतात आणि त्यांचा क्रम ठरवता येतो. कोड डीबग करताना करतो तसंच, साखळी मधून तोडत जायची. सेन्सर पाण्याचं तापमान मोजतो. गाडीचा कॉम्प्युटर ते वाचून रिलेला हुकूम देतो. रिले जाड वायर जोडतो. फ्यूजमधून करंट मोटरपर्यंत जातो. मोटर फिरते.

पहिलं, एसी लावला. बहुतेक गाड्यांत एसी सुरू झाला की पंखाही सुरू व्हायला हवा. झाला नाही.

दुसरं, फ्यूज काढून पाहिला. शाबूत.

तिसरं, सेन्सरचा सॉकेट काढला. अनेक गाड्यांत सेन्सर तुटला असं वाटलं की कॉम्प्युटर सावधगिरी म्हणून पंखा चालू करतो. रिलेने 'टक्' आवाज केला. म्हणजे कॉम्प्युटर शहाणा आहे, रिलेची कॉइल जिवंत आहे. पंखा मात्र ढिम्म.

चौथं, मोटरच्या प्लगवर मल्टिमीटर. बारा व्होल्ट. मला आनंद झाला, वीज येतेय, म्हणजे मोटर मेली. मग लक्षात आलं की इंजिन पूर्ण थंड आहे, सेन्सर परत लावलाय, एसी बंद आहे. मी फक्त चावी फिरवली आहे. आत्ता इथे वीज असायलाच नको.

वायरीचा माग काढला. काळी टेप गुंडाळलेला एक जोड. रिलेकडून येणारी मूळ वायर कापून तशीच सोडलेली, आणि मोटरला नवी लाल वायर इग्निशनच्या लाइनवरून आणलेली. चावी फिरली की पंखा चालू, चावी बंद की बंद. रिलेचा सॉकेट उपटून पाहिला तर त्याची एक पिन काळी पडून प्लॅस्टिक वितळलेलं. आता गोष्ट स्पष्ट झाली. कधीतरी तो सॉकेट जळला होता. आधीच्या मालकाच्या काळात कुणीतरी नवा सॉकेट टाकण्याऐवजी पंखा डायरेक्ट केला. म्हणून पंखा थंडीत, पावसात, रिकाम्या रस्त्यावर, सगळीकडे फिरत राहिला. मोटरमधले कार्बन ब्रश ठरल्यापेक्षा कितीतरी लवकर झिजले. आणि एक दिवस तो गप्प झाला.

माझ्या अॅपने एकही एरर कोड का दाखवला नाही तेही कळलं. कॉम्प्युटर आपला हुकूम देत होता, रिले 'टक्' करत होता. त्या टक्च्या पुढे काहीच जोडलेलं नाही, हे सांगायला तिथे कुणी नव्हतं.

बाबा इतका वेळ खुर्ची टाकून बघत होते. म्हणाले, "तुझी गाडी दहा-बारा दिवस गप्प आहे."

"म्हणजे?"

"आधी चावी मारली की घर्र आवाज यायचा पुढून. हल्ली येत नाही. मला वाटलं तू दुरुस्त करून आणलीस. नव्या गाड्यांना आवाज नसतो ना."

स्कॅनरला न कळलेली गोष्ट बाबांना दहा दिवस आधी ऐकू आली होती. त्यांनी सांगितली नाही, कारण आपल्या कानांना आता किंमत नाही असं त्यांनी धरून ठेवलं होतं. आणि मीही तसंच धरलं होतं. गाडी घेताना मी ऑनलाइन चेकलिस्ट पाहिली, ओळखीच्या मेकॅनिकला नेलं, बाबांना फक्त पेढे द्यायला बोलावलं.

मग ते उठले, माझ्या हातातला पाना घेतला. "चावी लाव," म्हणाले. मोटरच्या पाठीवर दोनदा ठोकलं, फार जोरात नाही. पंखा घर्र करून फिरला. पद्मिनीचा सेल्फ अडकला की असंच ठोकायचं, म्हणाले. ब्रश झिजले की टेकत नाहीत, ठोकलं की टेकतात. स्टार्टरची मोटर काय आणि पंख्याची काय, आत कार्बनचे ब्रश दोन्हीकडे. बाबांचं हे फ्रेमवर्क चाललं.

डायरेक्ट करण्याचे दिवस

नवी मोटर, नवा रिले सॉकेट आणि मूळ वायरिंग परत जोडायला सोमवारी वायरमनकडे गेलो. त्यांनी आधी बाबांनाच विचारलं, "काय करायचं, शेठ?" बाबा म्हणाले, "गाडी तिची आहे." मग ते माझ्याकडे वळले. "ताई, डायरेक्ट करून देऊ का परत? कायम थंड राहील. सेन्सरची भानगडच नको."

बाबांनी मान हलवली. त्यांना ते पटत होतं. पद्मिनीतला थर्मोस्टॅट त्यांनी गाडी घेतल्याच्या आठवड्यातच काढून फेकला होता. बहुतेक टॅक्सीवाले तेच करायचे. थर्मोस्टॅट इंजिन लवकर गरम करतो, मुंबईत थंडी कुठे असते? अडकून बसला तर इंजिन जाणार, धंदा जाणार. त्यांच्या जागी मी असते तर मीही काढला असता. सुटा भाग मिळेल की नाही, खरा मिळेल की नाही, दुरुस्तीच्या दिवसाची कमाई कोण देणार, अशा हिशोबातून 'डायरेक्ट' जन्माला येतं. त्याला आळस म्हणणारा माणूस रोज संध्याकाळी गाडीचं भाडं भरत नसतो.

पण त्या गाडीला कार्ब्युरेटर होता. माझ्या गाडीचा कॉम्प्युटर पाण्याच्या तापमानावरून पेट्रोल किती सोडायचं ते ठरवतो. इंजिन कायम थंड ठेवलं तर तो गाडी अजून गरम व्हायची वाट बघत जास्त पेट्रोल देत राहतो. मी हे बाबांना सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "आणि तुझा सेन्सर बिघडला तर?"

योग्य प्रश्न होता. मी वायरमनकाकांना वायरिंग मूळचंच करायला सांगितलं, आणि सोबत डॅशबोर्डखाली एक छोटा स्विच. रिलेची कॉइल हाताने चालू करण्यापुरता. रोज कॉम्प्युटर बघेल. तो चुकला तर आपण. आणि मोटरच्या लाइनवर एक बारीक दिवा, पंख्यापर्यंत वीज पोचली की लागणारा. ती कल्पना बाबांची. चार्जिंगच्या लाल दिव्यावरून सुचलेली. वीज पोचूनही मोटर फिरली नाही तर काय, असं मी विचारलं, तेव्हा म्हणाले, "मग मी आहे ना ऐकायला."

सगळा खर्च चार हजारांच्या आत झाला. मे महिन्यात हेड गॅस्केट उडाली असती तर गाडी विकूनही तेवढं सुटलं नसतं.

बाबांची पद्मिनी २०१० मध्ये भंगारात गेली. मी तेव्हा शाळेत होते. ती विकली त्या दिवशी ते काही बोलले नाहीत, एवढंच आठवतं. मुंबईत टॅक्सीसाठी वीस वर्षांची मर्यादा आहे. ताडदेव आरटीओत शेवटची पद्मिनी टॅक्सी नोंदली गेली २९ ऑक्टोबर २००३ ला, म्हणून ३० ऑक्टोबर २०२३ पासून शहरात पद्मिनी टॅक्सी अधिकृतपणे उरली नाही. त्या दिवशी सगळ्यांनी आठवणींचे फोटो टाकले. गाडीचे फोटो खूप होते. तिचा पट्टा रस्त्याच्या कडेला सात मिनिटांत बदलणाऱ्या हातांचे फार नव्हते.

पुढच्या महिन्यात परत पुण्याला गेलो. येताना बाबा म्हणाले, जुन्या रस्त्याने चल. खंडाळ्याहून खाली उतरताना शिंग्रोबाचं देऊळ लागतं. इंग्रजांना घाटाची वाट दाखवणारा धनगर, आणि वाट दाखवल्यावर त्यालाच इंग्रजांनी मारलं, अशी आख्यायिका आहे. ड्रायव्हर लोक तिथे नाणं टाकून पुढे जातात. बाबांनी काच खाली केली, खिशातून पाच रुपये काढले.

पुढे खोपोलीत सिग्नलला थांबलो. काटा मधोमध. मिनिटभराने डॅशबोर्डखालचा बारीक दिवा लागला आणि पुढून घर्र आवाज आला. बाबांनी रेडिओचा आवाज कमी केला. दिवा विझेपर्यंत आम्ही दोघं तो आवाज ऐकत बसलो.